एस लिहिलेली पिशवी

दर्शनाबाईंचा वर्ग मी बंद पाडला, असं शहाडमध्ये कोणी म्हणत नाही. मी म्हणतो. आमच्या मराठी शाळेत मी गणित शिकवायचो. बाई चौथीला इंग्रजी शिकवायच्या आणि गणित सोडून बाकी सगळंच.

त्यांची इंग्रजी शिकवायची तऱ्हा अजब होती. वर्गात खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली, तिच्यावर हिरव्या दोऱ्याने भरलेला मोठा एस. पोरांना पटांगणात न्यायच्या. एकटी मुलगी चालत असली की पिशवी तिच्या खांद्यावर, आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "शी वॉक्स!" जोडीला दुसरी आली की पिशवी खाली, मग "दे वॉक!" एकटीने ओझं उचलायचं, दोघी झाल्या की हात मोकळे. "मग आय आणि यू?" असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "त्यांचे नखरे उद्या." मी चिडवायचो, बाई, हे इंग्रजी आहे की बाजारहाट? पण त्यांची पोरं परीक्षेत तिथे चुकत नसत, हेही खरं.

या वर्गात पूर्वी चाळीस मुलं असायची. यंदा सात. जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं: महिनाअखेर दहा झाली नाहीत तर वर्ग बंद आणि बाई संस्थेच्या कार्यालयात, पत्रव्यवहाराच्या टेबलावर. बावीस वर्षं शिकवलेल्या बाईला टेबल! पत्र हातात धरून त्या माझ्यासमोर रडल्या.

"सर, मला दुसरं काही येत नाही हो."

शाळा सुटली की त्या चाळीचाळीतून फिरायला लागल्या. जे आहे ते सांगायच्या. "तीन मुलं द्या, नाहीतर माझा वर्ग बंद होईल." लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, मूल मात्र कोणी देईना. भावना नावाच्या एका आईने दारातच विचारलं, "बाई, तुमच्या शाळेतल्या सरांची मुलगी कुठे जाते?"

बाई तशाच परत आल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसल्या. "सर, सान्वीला घाला ना आमच्यात. चौथीतच आहे. एकच वर्ष. तुमची आली तर लोकांचा विश्वास बसेल."

माझी सान्वी कल्याणला इंग्रजी शाळेत. मी डब्याचं झाकण लावत म्हटलं, "बघतो." नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. बाई तरीही वाट बघत राहिल्या.

शनिवारी त्यांनी पालकांना बोलावलं, इंग्रजी कसं शिकवते ते येऊन बघा म्हणून. संस्थेचे चिटणीसही येणार होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडे दाखले काढायला रांग लागली. वर्ग बंद पडणार ही बातमी घरोघर पोचली होती. पोचवली कोणी? बाईंनीच. तीन आणायला निघालेल्या बाईंनी सातातली सहा घालवली. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते सहाही दाखले मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लिहून घेतले.

शनिवारी पटांगणात एकटी प्रीती. बघायला तिची आजी रंगूबाई, खुर्चीवर चिटणीस आणि कोपऱ्यात मी. बाईंनी नवी साडी नेसली होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

प्रीतीने पिशवी खांद्यावर घेतली आणि चालू लागली. ओरडायला कोणी नाही, म्हणून बाईच ओरडल्या, "शी वॉक्स!" पुढे जोडीला दुसरं कोणीतरी हवं होतं. बाई थांबल्या. फाटकाकडे बघितलं. चिटणीसांनी घड्याळ बघितलं.

"सर," बाई म्हणाल्या, "तुम्ही या. तिच्या जोडीला उभे राहा."

मी गेलो. प्रीतीने पिशवी खाली ठेवली आणि माझं बोट धरलं. आम्ही दोघं चाललो. "दे वॉक!" म्हणताना बाईंचा आवाज मध्येच फुटला. रंगूबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या एकटीच्या. सोमवारपासून सान्वी येईल, एवढं एक वाक्य मला तिथे बोलायचं होतं. मी बोललो नाही.

सोमवारी प्रीतीचा दाखला लिहिला, तोही मीच. बाई कपाट रिकामं करत होत्या. प्रीती त्यांच्या पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, पिशवी मी नेऊ? नव्या शाळेत मी एकटीच आहे."

बाईंनी पिशवी झटकली, नीट घडी घातली आणि तिच्या दप्तरात ठेवली. ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सर, सान्वीचं बघतो म्हणाला होतात. बघितलंत का?"

मी खाली मान घालून दाखल्याच्या वहीवर शिक्का मारला.