पोखर्णीला सांगितलेली गोष्ट
कापराचा वास आला की पोखर्णीचा नरसिंह आणि माझी लांब जीभ आठवते. वहिनीचं काळीज कमजोर होतं. बाळंतपण झेपणार नाही, गर्भ काढा, आता कायदाही आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिला घेऊन परभणीला निघालो आणि वाटेत दर्शनाला उतरलो. मला कथा सांगायची भारी हौस, म्हणून प्रल्हाद आईच्या पोटातच देवाचं नाव कसा शिकला ते रंगवून सांगितलं. वहिनीनं पोटावर हात ठेवला. "भावजी, म्हंजी ह्यालाबी ऐकू यायलंय?" "यायलंय की," मी ऐटीत म्हणालो. "मग घरी चला. ऐकायलाय त्याला कसं मारू?" मी पुष्कळ विनवलं, पण माझ्याच गोष्टीपुढे माझं काही चाललं नाही. बाळंतपणात दोघंही गेली. आई म्हणाली, देवाची मर्जी. मीही मान हलवली. अजूनही कोणी तसं म्हटलं की हलवतो; देव उलटून बोलत नाही, हे लय सोयीचं आहे.