शिकण्यापुरती गिटार

दादाला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे स्वस्तात मिळालेली वस्तू. ती चालते की नाही हा पुढचा प्रश्न. त्याची छत्री एकाच बाजूने उघडायची, आणि तो उरलेल्या बाजूने भिजत चालायचा. भिंतीवरचं घड्याळ पुढे पळायचं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी वेळ बघताना मनात वजाबाकी करायची. कारखान्याच्या स्टोअरमध्ये खिळासुद्धा पारखून घेणारा हा माणूस घरी येताना मात्र फूटपाथवर जे दिसेल ते उचलून आणायचा. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीने एका संध्याकाळी जेवता जेवता सांगितलं की मला गिटार शिकायची आहे, तेव्हा तो हसला नाही. तो उत्साहात आला, आणि तिथेच घात झाला.

या धाकट्या बहिणीला सगळी इमारत आत्या म्हणते. दादा-वहिनीची मुलं नोकऱ्यांसाठी लांब गेली, त्यांची हाक तेवढी मागे राहिली. आत्या एका पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत शिवणकाम करते. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, कोणी विचारलंच तर म्हणते, सवड झाली नाही. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी तिला रांगेतून बाहेर काढून सांगितलं होतं की तू फक्त ओठ हलव. तेव्हापासून जिथे जिथे चार माणसं मिळून गायली, तिथे तिथे आत्याने ओठ हलवले. आपण खरोखर बेसूर आहोत की कोणीतरी म्हटलं म्हणून बेसूर झालो, एवढं तिला एकदा स्वतः जाणून घ्यायचं होतं. गिटार हे निमित्त.

दादाने आणलेली गिटार लालभडक होती. तिच्यासोबत पिशवी, पट्टा, तारांचा जादा संच आणि चिकटवायला फुलपाखरं, सगळं फुकट. आत्या म्हणाली की दुकानात कोणाकडून तरी वाजवून घ्यायची होतीस. दादा म्हणाला, "नवशिक्याला महागडी कशाला? शिकण्यापुरती आहे. आधी वाजवता तर येऊ दे."

हे वाक्य ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पोहायला शिकणाऱ्याला मात्र कोणी भोक पडलेली ट्यूब देत नाही. ज्याला पोहता येतं तो त्या ट्यूबशिवायही तरंगेल, बुडतो तो शिकाऊच. वाद्याच्या बाबतीत हे कोणाच्या डोक्यात का शिरत नाही, देव जाणे.

त्या गिटारच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की दाबताना बोटात रुतायच्या. सुई रेटून आत्याच्या उजव्या हाताची बोटं निबर झाली होती, डाव्या हाताची मात्र मऊच होती. ती सुजली. खुंट्या ढिल्या, म्हणून लावलेली तार वाजवता वाजवता उतरायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मानेवरच्या, सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या पट्ट्याच नीट अंतरावर बसवलेल्या नव्हत्या. बोट योग्य जागी ठेवलं तरी सूर थोडा खालीच लागायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत गिटार शिकवणाऱ्या मॅडम, वयाने आत्याच्या भाच्याएवढ्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या की आत्या, ही बदला. दादाने ऐकून निकाल दिला की या क्लासवाल्यांचं दुकानदारांशी साटंलोटं असतं. आणि पुढे, गिटारला जन्मात हात न लावता उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या माणसाने एक म्हण शोधून काढली. आत्याने बोट चोळलं की तो पेपरातून मान वर न करता म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आत्याला ती म्हण झोंबली. पडदा तिरका शिवला तर ती कधी मशीनला दोष देत नसे, मग गिटारला कसा देणार? नवी घेणं तिला जमलं असतं, पण नवी घेतली असती तर दादाचं म्हणणं खरं ठरलं असतं, असं तिला वाटलं. याच गिटारवर वाजवून दाखवीन, असा हट्ट तिने धरला. मॅडम आपली गिटार पुढे करायच्या, तर ही मानेनेच नाही म्हणायची. उसन्या गिटारवर वाजवण्यात कसली बहादुरी? हट्ट दिसायला शूरपणाचा होता, आणि तीच तिची चूक होती.

शिलाई मशीनच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने ती रोज खुंट्या आवळायची. मोबाइलवर धून लावून ऐकायची आणि सूर खाली लागला की तार बोटाने बाजूला ओढून वर चढवायची. कुठली तार किती ओढायची हे बोटांना हळूहळू पाठ झालं. वर्ष सरत आलं तेव्हा एक साधी, संथ धून ती सुरात वाजवू लागली. वहिनी भांडी विसळताना नळ बंद करून ऐकायची.

मग मॅडमनी एका रविवारी दुपारी सगळ्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांना बोलावलं. वहिनीला भीती वाटत होती की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दादा पुढच्या खुर्चीत बसला. आत्याची पाळी आली तेव्हा मॅडमनी मायेने आपली गिटार तिच्या हातात दिली. आजच्या दिवस तरी ही घ्या म्हणाल्या. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून आत्याने ती घेतली आणि आपली लाल गिटार वहिनीकडे दिली.

पहिल्या सुरापासून सगळं बिघडलं. ओळखीची धून, पण प्रत्येक सूर वर उडालेला, तारस्वरात भांडणाऱ्या माणसासारखा. मागे दोघं-तिघं हसली. दादा शेजारच्या माणसाला म्हणाला, आणि खोली लहान असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, "आता तर अंगणही सरळ आहे."

आत्याचे कान तापले. तिला उठून जिना उतरावासा वाटला. एकदा उतरली असती तर पुन्हा चढली नसती, हे तिला ठाऊक होतं. तिने मान खाली घातली, तेव्हा तिला आपली बोटं दिसली. सरळ तारेला ती अजूनही ओढत होती, रोजच्याएवढीच.

तिने मॅडमची गिटार अलगद खाली ठेवली. वहिनीकडून आपली लाल गिटार मागून घेतली, पर्समधल्या स्क्रू-ड्रायव्हरने खुंट्या आवळल्या, तारा लावल्या आणि मॅडमच्या पुढे धरली. "मॅडम, माझीच धून यावर वाजवा. जशी शिकवलीत तशी."

मॅडमनी वाजवली. शिकवली होती अगदी तशी वाजवली, आणि ती बेसूर आली. आता कोणी हसलं नाही. मॅडम बेसूर नाहीत हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग आत्याने गिटार परत घेतली, तारा पुन्हा लावल्या आणि तीच धून त्याच गिटारवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरात वाजवली. वाजवताना तिचे डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही.

"दादा, अंगण वाकडंच होतं," ती म्हणाली. "त्यात मी नाचायला शिकले, म्हणून सरळ अंगणात पडले. माझा कान चांगला आहे. तो कधीच वाईट नव्हता."

दादा छत्री शोधू लागला.

पण जिंकल्याने वाया गेलेलं वर्ष परत मिळत नाही. मॅडमनी खरं ते सांगितलं, की तार ओढायची बोटांची ही सवय सुटायला वेळ लागेल, कदाचित शिकायला लागला त्याहून जास्त. याचा आत्याला झाला तेवढा संताप आयुष्यात कशाचा झाला नव्हता. सुजलेली बोटं, दुखणारं मनगट, सगळं चुकीचं शिकण्यासाठी खर्ची पडलं होतं. तिने मॅडमना सोबत नेऊन, प्रत्येक पट्टीवरचा सूर ऐकून एक साधी लाकडी रंगाची गिटार घेतली. महागडी नाही, पण खोटं न बोलणारी. आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर एके सकाळी वहिनी पोळ्या लाटता लाटता, कोणाकडेही न बघता म्हणाली की मलाही शिकावंसं वाटतं. दादाचा चेहरा उजळला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

"मग लाल आहे ना पडून," तो म्हणाला. "तुला शिकण्यापुरती पुष्कळ झाली."

आत्या उठली. हत्यारांच्या डब्यातून पक्कड आणली, लाल गिटार मांडीवर घेतली आणि सहाही तारा एकेक करून तोडल्या. प्रत्येक तार तुटताना टणकन वाजली. दादा म्हणत राहिला की अगं चांगली वस्तू आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडली असती. आत्या म्हणाली की म्हणूनच तोडतेय. खुंट्याही उपटून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मग आतून आपली नवी गिटार आणून तिने वहिनीसमोर धरली. वहिनीने पिठाचे हात मागे घेतले. "अहो नको, तुमची नवी आहे. मला तर अजून धरतासुद्धा येत नाही."

"म्हणूनच ही घ्यायची," आत्या म्हणाली. "हात धुऊन या. पोळ्या दादा लाटेल."