बोट्स्वानाच्या पत्रातल्या दोन ओळी

लातूरचा जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीचं पाणी गेलं, असं आई म्हणायची. दोन्हींचा काही संबंध नव्हता. पावसानं दगा दिला होता, एवढंच. पण कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांसोबत साहेब आले, नवे बोर्ड लागले, आणि नळ मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी तासभर यायचा.

मी नववी संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. पाचवीपासून नांदेडला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. मावशी चांगली होती. तरीही त्या घरात मी पाच वर्षं खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखी राहिले. दुसरी भाकरी मागावी की नाही याचा विचार करत. लातूरला आले तरी बॅग पूर्ण रिकामी करत नसे. ती सवयच गेली होती.

त्या सुट्टीत बाबांच्या हाती दोन नेमणुका होत्या. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत, आणि आफ्रिकेतल्या शाळांना गणिताचे मास्तर हवे होते. झांबिया आणि बोट्स्वाना, दोन्हीकडून होकार होता. कुठं जायचं ते आठवड्यात कळवायचं होतं. त्यांचे बी.एड.च्या वेळचे दोन सोबती, एक केरळचा, एक हैदराबादचा, आधीच त्या एकेका देशात होते. बाबांनी दोघांना तिथल्या राहणीबद्दल मागेच विचारलं होतं, आता दोघांची लांबलचक इंग्रजी पत्रं आली. बाबांनी ती वाचली, पुन्हा घडी घातली आणि मला म्हणाले की आईला मराठीत वाचून दाखव, ठरवायचं तिनंच.

मी आधी ती एकटीनं तीन वेळा वाचली. झांबियाच्या पत्रात पाऊस होता, भरलेल्या नद्या होत्या, आंबे होते. दुकानं मात्र ओस. साबण, तेल आलं की रांगा. मोठ्या मुलींची बरी शाळा दिवसभराच्या प्रवासावर, म्हणून तिथले भारतीय मास्तर मोठी मुलं मायदेशी नातेवाइकांकडे ठेवतात, असं लिहिलं होतं. बोट्स्वानाच्या पत्रात दुकानं भरलेली, रस्ते चांगले, घर शाळेच्या आवारात, घरात नळ, आणि माझ्या वयाच्या मुलींची शाळा चालत दहा मिनिटांवर. त्याखाली दोन ओळी: पाऊस काही वर्षं झालेला नाही, गुरं मरताहेत. झाडांना पाणी घालायला बंदी आहे.

दुपारी आई ज्वारी निवडायला बसली. झांबियाचं पत्र मी पूर्ण वाचलं. मुलं मागे ठेवण्याचं तर जरा सावकाशच. बोट्स्वानाच्या पत्रात नळाशी आले तेव्हा तिचा हात सुपात थांबला.

"अन् पाणी?"

"नळ आहे. घरातच," मी म्हणाले, शाळेचं सांगितलं आणि पुढच्या परिच्छेदावर गेले.

बाबा दारात चष्मा पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुसतच राहिले.

आईनं आणखी एकच विचारलं, तिथं नळावर आधी कोण भरतं. अहमदपूरकडच्या तिच्या गावात, तिच्या लहानपणी, विहिरीत आपल्या हातानं पोहरा सोडायची आमच्या लोकांना मुभा नव्हती. कुणी वरून ओतेपर्यंत उभं राहायचं. ती हे कधी सांगत नसे, पण तिच्या प्रश्नांत ते यायचं. बाबा म्हणाले, ज्याच्या घरात नळ, तोच आधी भरतो. आई पुन्हा ज्वारी निवडायला लागली. तिचं ठरलं होतं.

आमच्या गल्लीत रांगेत माणसं नव्हे, भांडी उभी असायची. नळाच्या दिवशी सकाळीच जो तो आपलं भांडं ठेवून कामाला जाई. आमचं भांडं म्हणजे पत्र्याचं निळं पिंप, कडीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. ती चिंधी दिसली की जागा मास्तरीणबाईंची, हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली आक्का ती चिंधी सोडताना दिसली. आईनं पिंप तिला देऊन टाकलं होतं. घरातच नळ हाय तिथं, मला आता कशाला, असं म्हणून.

मी गच्चीवर गेले, खाली आले. उगाचच बसस्टँडपर्यंत जाऊन परतले. पुस्तक उघडलं की तीच दोन वाक्यं दिसत. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापत असताना म्हणाले, "आई, मी दोन ओळी वाचल्या नाहीत. तिथंही दुष्काळ आहे."

तिनं विचारलं, नळाला येतं का. येतं, मी म्हणाले, रोज येतं. फक्त झाडांना घालू देत नाहीत.

"रोज येतं, अन् त्याला दुष्काळ म्हणायलेत?"

मला वाटलं ती हसेल. तिनं भाकरी उलटली. मग विचारलं, ओळी का गाळल्या. मी परातीच्या कडेचं पीठ बोटानं गोळा करू लागले.

"नांदेडला लई जड जातंय का तुला?"

"हो."

पाच वर्षं दर पंधरवड्याला मी पत्र टाकत होते. मावशी बरी आहे, शाळा बरी आहे, मी मजेत. बाबा ती पत्रं तिला वाचून दाखवत.

"तसं लिवायचं की माय," आई म्हणाली. "पत्रं तर लई लिवलीस."

भाकऱ्या झाल्यावर ती हात धुऊन समोर गेली. मी मागोमाग. आक्का शिवणयंत्रावरून उठली नाही. "का हो मास्तरीणबाई, आफ्रिकेतला नळ आटला का?"

"तिथला हाय चालू. जाईपर्यंत इथं काय चाटू?"

आक्कानं पिंप पायानं पुढं सरकवलं. जाताना मलाच द्या म्हणाली, दुसऱ्या कुणाला दिलं तर बघा.

संध्याकाळी बाबांनी बोट्स्वानाला होकार लिहिला आणि पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे दिलं. त्या दोन ओळी त्यांनीही वाचल्या होत्या, आणि त्या दुपारी ते चष्मा पुसत राहिले होते. दुसऱ्या दिवशी नळाचा दिवस होता. पिंप रांगेत ठेवायला आईनं मला पाठवलं. मी नवी चिंधी बांधली. गाठ नीट बसल्यासारखी वाटेना, म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली, आणि तरी घरी न परतता भांड्यांच्या रांगेत एकटीच उभी राहिले.