शिंगाड्याचा लाल तलाव

आमच्या विभागात संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी प्राध्यापकांची बसायची खोली रिकामी केली गेली. तिला एसी लागला, खिडक्यांना जाड पडदे लागले आणि दारात पाटी लागली, चपला बाहेर काढाव्यात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला भूगोलात एम.ए. करत होते, आणि नकाशे संगणकावर बनवण्याचा नवा विषय त्याच वर्षी सुरू झाला होता. विहारात चपला काढायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे पाटीचं मला काही वाटलं नाही. पण यंत्रापुढे एवढं भिऊन कशाला राहायचं, ते कळेना. वर्गातली पोरं बटण दाबायच्या आधी बोट रुमालाला पुसायची. मी सरळ दाबायची. माझं सगळंच तसं, तोंडही आणि हातही.

काम असं होतं. खाटेएवढ्या टेबलावर छापील नकाशा चिकटवायचा. हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र, त्याच्या काचेत अधिकचं चिन्ह. ते चिन्ह रेषेवर धरून बटण दाबायचं, जरा सरकवायचं, पुन्हा दाबायचं. नदी, रस्ता, तलाव, जंगलाची हद्द, सगळं असं टिपून टिपून आत भरायचं. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ उमटत जायची. तलावाची कड जिथून सुरू केली तिथंच आणून मिळवावी लागे. कुठं बारीकशी फट राहिली, की रंग भरताना तलावाचा निळा रंग त्या फटीतून निघून अख्ख्या तालुक्यात पसरायचा. बाकीचे कपाळाला हात लावून बसायचे. मला ते पहिल्याच दिवशी समजलं. मी वडशाकडची, तलावांच्या आणि धानाच्या मुलखातली. बांधाला भोक पडलं की काय होतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. महिन्याभरात दुसऱ्यांच्या फटी शोधून द्यायचं काम माझ्याकडेच आलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला प्रबंधासाठी एकेक भाग मिळाला. मी भांडून माझाच भाग मागून घेतला. आमच्या नवीन जिल्ह्याच्या कचेरीला जुन्या तलावांचा नकाशा हवा होता. ज्या तलावांत अजून पाणी ठरतं त्यांचे बांध दुरुस्त होणार, जे बुजले ते सोडून देणार. हा नवा विषय शिकवणाऱ्या सरांनी हे काम वर्गावर घेतलं होतं. माझ्या भागात माझ्या मामाचं गाव होतं. तिथल्या तलावाचा बांध दर पावसाळ्यात गळायचा, आणि गावाचं सगळं धान त्याच तलावाच्या खाली. बांधाला माती पडली तर गाव जगेल, नाही तर पोरं वडशाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जातील, असा सरळ हिशेब होता. म्हणून मी म्हटलं, हा भाग दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही.

छापील नकाशा जुना होता, म्हणून ताज्या माहितीसाठी उपग्रहाची प्रतिमा आली. आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची. त्यात झाडझाडोरा लाल दिसतो आणि पाणी काळं. संगणकाला आधी नमुने दाखवायचे, की हे जंगल, हे झुडपी, हे धान, हे पाणी. मग तो बाकीचा सगळा प्रदेश आपणच ओळखून वाटून टाकतो. मी नमुने दाखवले, रात्रभर यंत्र चालू ठेवलं आणि सकाळी निकाल बघितला. सगळे तलाव पाणी निघाले. मामाच्या गावचा तेवढा झुडपी जंगल निघाला.

मी हसले. कारण मला माहीत होतं. आजूबाजूच्या दुसऱ्या कुठल्याच तलावात लावत नाहीत, पण त्या तलावात गावचे ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, शिंगाडा लावतात. पावसाळ्यात वेल सोडतात आणि दिवाळीपर्यंत पानांनी पाणी असं झाकून जातं की काठावर उभं राहून मूठभर पाणी दिसत नाही. वरून बघणाऱ्या उपग्रहाला काय दिसणार? नुसतं लाल.

सरांना हे पटेना. सर पुण्याचे, माणूस सज्जन, पण पुराव्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. ते म्हणाले, प्रतिमा खोटं बोलत नाही. मी म्हटलं, सर, या प्रतिमेला खोट्या रंगाची प्रतिमा म्हणतात, असं तुम्हीच शिकवलं. वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, मामाचं गाव आहे म्हणून मी तलावात पाणी भरणार नाही. जाऊन बघू. प्रतिमा होती त्याच दिवसांत, दिवाळीनंतर जाऊ, म्हणजे पाण्यावर काय असतं ते डोळ्यांनी दिसेल. तुझं म्हणणं दिसलं तर तलाव पाणी. नाही दिसलं तर झुडपी.

मला आणखी काय हवं होतं! दिवाळीत मामाकडे गेले आणि ओसरीवर बसून सगळ्यांना सांगितलं, की तुमचा तलाव कम्प्युटरात पाणी दिसत नाही, झाडोरा दिसतो, म्हणून खुद्द आमचे साहेब बघायला येऊन राह्यले. मामानं विचारलं, झाडोरा दिसला तर काय? मी म्हटलं, मग दुरुस्ती गेली. पण तुम्ही घोर नका करू, मी आहे. आणि वर शिंगाडे खात खात नागपूरला परत आले.

आम्ही जीपनं गेलो ते मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस होते. वाटेतल्या गावागावांत नाटकाचे मंडप उभे राहत होते. जीपमध्ये मी एवढी बोलत होते की ड्रायव्हर मागं वळून बघायचा. मामाच्या गावात बांधाखाली गाडी थांबली. सगळं गाव धुतलेले कपडे घालून उभं होतं. मी सरांच्या पुढं होऊन तुरुतुरु बांधावर चढले.

तलाव घासलेल्या परातीसारखा लखलखीत होता. एक पान नाही. एक वेल नाही. नुसतं पाणी.

मला वाटलं, आपण चुकीच्या गावात आलो. मामा हात जोडून सरांना म्हणत होता, बघा साहेब, आहे का कुठी झाडोरा? सर चष्मा पुसून बघत होते. मग ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पाणी आहे, यंदा पाऊस चांगला झाला. पण पाण्यावर वेल असतात म्हणून प्रतिमा लाल दिसते, हे तुझं म्हणणं होतं. वेल कुठे आहेत?"

  मी मामावर उखडले. सगळ्या गावासमोर. शिंगाडा गेला कुठं, काऊन काढला, कोणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपणा करायला? मामाचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, साहेबाले झाडोरा दिसाले नोको म्हून. तूच त म्हटली होती.

ढिवरांची एक मावशी पुढं आली. तलावातला शिंगाडा तिच्या घरच्यांचा आणि तिच्या दिरांचा. तिचे हात कोपरापर्यंत काट्यांनी ओरबाडलेले होते. पहिली तोड जेमतेम झाली होती, अजून सगळा माल वेलावर होता, आणि गावाची बैठक झाल्यावर त्या लोकांनी पाण्यात उतरून अख्ख्या तलावातले वेल उपटून काढले होते. माझ्या एका बोलण्यावर. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कायले रागावतं बाई? पाणी दिसलं ना साहेबाले? वेल पुढच्या साली लावू. तलाव गेला त लावाचं कुठी?"

माझा राग जिथल्या तिथं बसला. सरांसमोर रडायचं नाही म्हणून मी पाण्याकडे तोंड केलं.

सर तिच्याशी बोलू लागले. वेल किती होते, विचारलं. तिनं हात फिरवून सगळा तलाव दाखवला. दरवर्षी लावता का? दरसाली लावतो, माह्या सासऱ्यापासून. काढलेले वेल कुठं आहेत? ती त्यांना बांधाच्या पलीकडे घेऊन गेली. मीही मागून गेले. बांधाच्या उतारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेलांचा ढीग पडला होता, माणसाच्या कमरेएवढा. खालचं कुजायला लागलं होतं, त्याचा आंबूस वास येत होता. वरची पानं अजून ओली होती आणि पानांखाली कोवळे शिंगाडे तसेच लटकत होते. सर त्या ढिगाच्या कडेनं पूर्ण चालत गेले आणि पूर्ण चालत परत आले. मग त्यांनी एक वेल उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जीपमध्ये आपल्या पिशवीशेजारी ठेवला. मावशीनं दिलेलं पाणी ते घटाघटा प्यायले.

परतीच्या वाटेवर वडसा मागं पडल्यावर सर म्हणाले, "नकाशात एक नवा वर्ग घाल. पाणी, वर शिंगाडा. आणि तलावाची कड तूच टिप. दुसऱ्या कोणाला देऊ नको."

मी ती टिपली. खूप हळू टिपली, कधी नव्हे ते बोट पुसून. बांधाचा कोपरा न् कोपरा घेतला आणि रेघ जिथून निघाली तिथंच आणून मिळवली. रंग भरला. एक थेंब बाहेर गेला नाही. त्या वर्षी गावानं घरटी धान काढून ढिवरांना दिलं, असं मामानं नंतर सांगितलं, आणि उन्हाळ्यात बांधाला माती पडली.

पास झाल्यावर मी त्याच विभागात शिकवायला लागले. पुढच्या दिवाळीनंतरची प्रतिमा आली तेव्हा एक विद्यार्थिनी ती पडद्यावर उघडून बसली होती. मला हाक मारून म्हणाली, मॅडम, तुमच्या नकाशात चूक आहे, इथं झुडपी जंगल दिसतंय. मी जवळ जाऊन बघितलं. माझ्या टिपलेल्या कडेच्या आत, बांधापासून बांधापर्यंत, सगळा तलाव लालभडक झाला होता. त्यांनी पुन्हा वेल लावले होते. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण मी एसीच्या त्या खोलीत उभी राहून रडत होते आणि तिला सांगत होते, की अगं, ते पाणी आहे.