चिमण्यांना जागा ठेवणारा

पुलगावला आमच्या शेजारी एक गवंडी राहायचा. कोणाचंही घर बांधायला घेतलं की तो आधी विचारायचा, "घरात कोन कोन राह्यते? मांजर, चिमण्या, सारे सांगा." मग तो भिंतीत चिमण्यांसाठी कोनाडा ठेवायचा.

गिरणीतल्या एका मित्रासोबत तो वीस वर्षं एकाच घरात राहिला. ते घर त्यानेच बांधलं होतं, पण मित्राच्या नावावर होतं. गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. ते भाऊ नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मित्र वारला आणि तेराव्याला त्याचे पुतणे कुलूप घेऊन आले.

"तुमी आमच्या काकाचे कोन लागता?" त्यांनी विचारलं.

त्याने आमच्याकडे पाहिलं. मीसुद्धा तोंड उघडलं नाही.

"कोनी नाई," म्हणत त्याने चपला घातल्या.