चौथ्या वेळची ओळ

नारपोलीत माझ्या लूमच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी एक बाई येत. कॉलेजात शिकवत. इंग्रजीतल्या सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या कथाकवितांचे कागद घेऊन यमकांखाली रेघा ओढत आणि चहाच्या ग्लासावर बोटाने लय मोजत. नाव मी कधी विचारलं नाही.

चहावाल्या चाचाला मी रोज ऐकवायचो, "भावानं पूर्णा गावची जमीन परस्पर विकली. त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाय." भाऊ अंथरुणाला खिळला, तरी माझं बोलणं तेच राहिलं.

एकदा मी बाईंना डिवचलं, "मॅडम, तुमचे कवी एकच ओळ सारखी का लिहितात? पान भरायला?"

त्या हसल्या नाहीत. "तीनदा तीच ओळ येते, शेठ. चौथ्यांदा एखादाच शब्द बदलतो, आणि तोवर कोणीतरी मेलेलं असतं. तुमची ओळ मी रोज ऐकते. ती बदलायच्या आत जाऊन या."

"तुमचं तुम्ही बघा!" मी ग्लास आपटून निघालो.

पंधरा दिवसांनी टपरीवर गेलो. चाचाने ग्लास पुढे केला, तसा मी म्हणालो, "भावानं जमीन परस्पर विकली. परवा त्याच्या दारात पाय ठेवला, खांदा द्यायला."

बाईंचं बोट ग्लासावर थांबलं. समोरचे लूम चालूच होते. जमिनीचा राग अजून तेवढाच आहे, भांडायला भाऊ तेवढा नाही.