कुत्र्याला कोणी शिकवलं

चंदीगडला आमच्या सेक्टरच्या बागेत संध्याकाळी निवृत्त अधिकाऱ्यांचा दरबार भरतो. कुत्र्याचा पट्टा नोकराच्या हातात आणि हुकूम साहेबांच्या तोंडी, तोही इंग्रजीत. कुत्रा ढिम्म हलत नाही, मग साहेब नोकरावर खेकसतात. या पोकळ मंडळींत सर्वांत पोकळ मी होतो. माझा कुत्रा ऐकायचा, आणि "फौजी ट्रेनिंग है जी," असं मी मिशीवर हात फिरवत सांगायचो.

ते खोटं होतं. पिल्लू घरी आलं तेव्हा मी त्याच्यावर इतका ओरडलो की ते पलंगाखाली जाऊन मुतलं. मी नाद सोडला. मग बायकोने त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसवून, भाकरीचा एकेक तुकडा देत, आमच्या साताऱ्याच्या बोलीत शिकवलं. बागेत मी "सिट" म्हणालो की ती माझ्या मागून हळूच "बस रे बाळा" म्हणायची आणि तो बसायचा. कौतुक माझं व्हायचं. घरी परतताना ती एवढंच म्हणायची, "अहो, जरा हळू बोलत जा. घाबरतो तो."

ती वारल्यावर मी त्याला एकटाच बागेत घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर "सिट" म्हणालो. तो मान वळवून माझ्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

"कर्नलसाब, आज सुनता नहीं?" एकाने विचारलं.

"कान गये इसके," मी म्हणालो.

त्याचे कान शाबूत होते. मी त्याला कधी काही शिकवलंच नव्हतं.